'कोर्ट' आणि मरणवर्णनाचा प्रश्न

व्हेनिस येथील एकाहत्तराव्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, सप्टेंबर २०१४ मध्ये, चैतन्य ताम्हाणे या सत्तावीस वर्षांच्या दिग्दर्शकाच्या 'कोर्ट' या पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटास दोन पारितोषिके प्राप्त झाली. एक 'ओरिझोन्ती' विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि दुसरे पदार्पणाच्या चित्रपटासाठी देण्यात येणारे लुइजी दे लॉरेन्तीस यांच्या नावाचे. पुढे त्यास राष्ट्रीय पुरस्कारांतील सुवर्णकमळ मिळाले आणि १७ एप्रिल २०१५ रोजी, म्हणजे भीमजयंतीनंतर अवघ्या तीन दिवसांनी, तो चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. त्याच्या वास्तवदर्शी मांडणीविषयी, न्यायालयीन दिरंगाईच्या चित्रणाविषयी आणि हौशी कलावंतांच्या निवडीविषयी तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या चित्रपटातील खटला ज्या प्रश्नावर उभा आहे, तो प्रश्न विनयपिटकात फार पूर्वी उपस्थित झालेला असून त्याची तेथे अत्यंत बारकाईने चर्चा झालेली आहे, ही गोष्ट आमच्या वाचनात तरी कोणी निदर्शनास आणलेली नाही. ती आणावी, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कथानक थोडक्यात. नारायण कांबळे हा पासष्टीचा लोकशाहीर मुंबईत मुलांच्या शिकवण्या घेतो आणि वस्त्यांतून जलसे करतो. एका कार्यक्रमात गात असतानाच पोलीस त्यास अटक करतात. आरोप असा की, त्याने एका वस्तीत गायिलेल्या गीतात गटारकामगारांनी गटारात गुदमरून प्राण द्यावेत असे आवाहन केले आणि ते ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने दोन दिवसांनी मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणे. (१ जुलै २०२४ पासून हाच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये आला आहे.) विनय व्होरा हा सुखवस्तू गुजराती वकील बचाव पाहतो, नूतन ही सरकारी वकील आहे, सदावर्ते हे न्यायाधीश आहेत. तारखा पडतात. जामीन मिळतो, शाहीर पुन्हा गातो, पुन्हा धरला जातो. या वेळी बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली. न्यायालयास उन्हाळ्याची सुट्टी लागते. खटल्याचा निकाल प्रेक्षकास कळत नाही.

आता विनयाकडे वळू. भिक्खूस संघातून कायमचे च्युत करणारे चार पाराजिक अपराध आहेत, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यांतील तिसरा मनुष्यवधाविषयीचा. या नियमाचा पूर्वार्ध प्रत्यक्ष वधाचा आहे. पण उत्तरार्ध शब्दाने घडणाऱ्या वधाचा आहे. जो भिक्खू दुसऱ्यापुढे मरणाची थोरवी गातो, ज्यास पालीत 'मरणवण्ण' म्हणतात, किंवा त्यास मरणास प्रवृत्त करतो, तोही तितकाच पाराजिक ठरतो. नियमाचा हा भाग ज्या प्रसंगाने जोडला गेला तो असा: 'छब्बग्गिय' म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या सहा भिक्खूंच्या गटाचे मन एका आजारी उपासकाच्या पत्नीवर जडले. त्यांनी त्या उपासकास पटवून दिले की, तू पुण्य केलेस, पाप टाळलेस, आता जगून काय मिळणार, मरण आले तर स्वर्गच आहे. त्याने अपथ्य खाल्ले आणि तो मेला. त्याच्या पत्नीने उघड दोष दिला. लोकांत निंदा झाली. आणि तथागतांनी नियमाची व्याप्ती वाढविली.

सुत्तविभंगात या नियमाचे जे विवरण आहे, ते 'कोर्ट' पाहिलेल्या कोणासही विस्मयचकित करील. मरणवण्ण कोणत्या मार्गांनी होऊ शकतो याची तेथे यादीच दिली आहे: हावभावाने, वाणीने, दोहोंनी, निरोप्यामार्फत आणि लेखनाने. लेखनाच्या बाबतीत तर अक्षरागणिक दोष लागतो असे सांगितले आहे; वाचणाऱ्याने मरावयाचे ठरवून स्वतःस वेदना करून घेतल्या तर दोष वाढतो, आणि तो मेला तर लिहिणारा पाराजिक होतो. मरणाकडे वळविण्याचे दोन प्रकारही तेथे वेगळे केले आहेत. पहिला, जीवनातील 'आदीनव' म्हणजे दोष व हीनता दाखविणे. दुसरा, मरणाची स्तुती करणे. नारायण कांबळेच्या शाहिरीचा सारा आशय गटारातल्या जगण्याचा आदीनव हाच आहे. तेव्हा प्रथमदर्शनी असे वाटेल की, सरकारी वकील नूतन हिला बौद्ध विनयाचा आधार मिळाला असता तर तिची बाजू अधिकच बळकट झाली असती!

हा धोका आम्ही मुद्दाम वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्याकडे पाली ग्रंथांचा उपयोग बहुधा आधीच ठरविलेल्या मतास अनुकूल वचन शोधण्यासाठी होतो. विनय येथे सोयीचा नाही. दयेपोटी केलेला मरणवण्णही तो क्षम्य मानीत नाही. एका आजारी भिक्खूच्या वेदना पाहून, करुणेने, इतर भिक्खूंनी त्याच्यापुढे मरणाचे गुण गायिले आणि तो मेला. त्यांना पश्चात्ताप झाला. तरीही निर्णय पाराजिकाचाच झाला. शब्दाने माणूस मरू शकतो, ही गोष्ट बौद्ध विनय हसण्यावारी नेत नाही. 'गाण्याने कुठे कोणी मरतो काय' असा उपहास सुशिक्षित प्रेक्षक हा चित्रपट पाहताना करतो, तो आम्हांस पुरेसा वाटत नाही. गाण्यात काहीच सामर्थ्य नसेल, तर आंबेडकरी जलशांनी खेड्यापाड्यांत जे केले ते कशाच्या बळावर?

मग विनय आणि सदावर्ते यांचे न्यायालय यांत भेद कोठे आहे? भेद प्रश्नांच्या क्रमात आहे. विनयात अपराध ठरण्यासाठी कृत्य 'संचिच्च' असावे लागते: जाणूनबुजून, समजून-उमजून, निश्चयपूर्वक केलेले. अनापत्तीच्या, म्हणजे दोष न लागण्याच्या, यादीत ज्याचा हेतू मरणाचा नव्हता तो स्पष्टपणे मोडतो. म्हणून तेथे पहिला प्रश्न बोलणाऱ्याच्या चेतनेचा. छब्बग्गियांना तो उपासक मरावयास हवा होता. शाहिरास गटारकामगार मरावयास हवा आहे काय? की तो मरतो आहे, रोज मरतो आहे, आणि कोणास त्याचे काहीच वाटत नाही, हे त्यास वेशीवर टांगावयाचे आहे? उपहासाने म्हटलेले 'मर' आणि इच्छेने म्हटलेले 'मर' यांतील अंतर कोणतीही आई आपल्या लेकरावर चिडते तेव्हा जाणते. आत्महत्येस चिथावणीच्या गुन्ह्यातही हेतू सिद्ध व्हावा लागतो, हे आपल्या कायद्यास अमान्य नाही. चित्रपटातले न्यायालय मात्र त्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. तेथे शाहिराची पूर्वीची भाषणे, घरात सापडलेली पुस्तके, तुरुंगातील मित्राचे पत्र आणि शंभराहून अधिक वर्षे जुने कायदे वाचले जातात. एकच साक्षीदार वेगवेगळ्या खटल्यांत उभा राहतो, असेही उघड होते. चेतना कोणी तपासत नाही; माणूस तपासला जातो.

आणखी एक गोष्ट. संघात वाद मिटविण्याचे जे सात उपाय आहेत, त्यांतील पहिला 'सम्मुखाविनय': निर्णय संघाच्या, धम्माच्या, विनयाच्या आणि त्या व्यक्तीच्या समक्ष व्हावा. 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे बहुतेक वेळ न्यायालयात हजर असतो, परंतु समक्ष नसतो. त्याच्याविषयी बोलले जाते. त्याच्याशी फारसे कोणी बोलत नाही. साक्षीदार मराठीत बोलतात आणि न्यायाधीश त्यांचे म्हणणे इंग्रजीत आखडून लेखनिकास सांगतात. चुल्लवग्गातील त्या प्रसंगाची येथे आठवण होते, ज्यात ब्राह्मण कुळातून आलेल्या दोघा भिक्खूंनी बुद्धवचन 'छंदस्' भाषेत बांधण्याची परवानगी मागितली आणि भगवंतांनी ती नाकारून ते 'सकाय निरुत्तिया' शिकावे असे सांगितले. या शब्दांचा अर्थ बुद्धघोष 'भगवंतांच्या मागधीत' असा करतात, अनेक आधुनिक अभ्यासक 'ज्याच्या त्याच्या भाषेत' असा करतात. वाद जुना आहे. न्यायालयातील ते श्रुतलेखन पाहिल्यावर आमचा कल कोणत्या अर्थाकडे झुकला, हे सांगावयास नको.

परंतु तिसऱ्या पाराजिकाचा सर्वांत गहन भाग त्याच्या आरंभकथेत आहे. वैशालीजवळ महावनातील कूटागारशाळेत भगवंतांनी भिक्खूंना अशुभभावनेचा, म्हणजे देहाच्या अमंगलतेच्या चिंतनाचा, उपदेश केला आणि ते अर्धा महिना एकांतात गेले. इकडे भिक्खूंना स्वतःच्या देहाची इतकी किळस आली की, काहींनी आत्मघात केला, काहींनी एकमेकांना मारले, काहींनी मिगलण्डिक नावाच्या श्रमणवेषधाऱ्यास पात्रचीवर देऊन त्याच्या हातून मरण घेतले. एकांतातून परतल्यावर भगवंतांनी आनंदास विचारले की, भिक्खुसंघ असा विरळ का दिसतो? आनंदांनी घडले ते सांगितले आणि दुसरा मार्ग शिकविण्याची विनंती केली. भगवंतांनी वैशाली परिसरातील सर्व भिक्खूंना एकत्र बोलावून आनापानसतीचा उपदेश केला, आणि त्यानंतर नियम घालून दिला.

येथे शास्त्याच्याच उपदेशानंतर माणसे मेली आहेत, हे पिटकाने लपविलेले नाही. त्यानंतर काय झाले, ते पाहावे. पहिला प्रश्न 'अपराधी कोण' असा नव्हता. 'माणसे कमी का झाली' असा होता. दुसरी कृती जगण्याचा मार्ग बदलण्याची होती. दंडाचा नियम त्यानंतर आला. अट्ठकथेस मात्र हे पेलले नाही. समन्तपासादिकेत असे स्पष्टीकरण येते की, ते भिक्खू पूर्वजन्मी पारधी होते, त्यांचे कर्म टळणारे नव्हते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजच्या दुःखाचा उलगडा करण्याची रीत का नाकारली, हे अशा ठिकाणी विशेष उमगते. मेलेल्याच्या माथी त्याचे मरण मारले की, जिवंतांना काही बदलावे लागत नाही.

वासुदेव पवारच्या बाबतीत न्यायालयात हेच घडते. तो सुरक्षा साधनांविना उतरला, त्याअर्थी त्यास मरावयाचे होते, असा सरकारी पक्षाचा तर्क आहे. साधने कोणी दिली होती काय, हा प्रश्न त्या तर्कात येत नाही. पूर्वकर्माची जागा येथे मृताच्या मनाने घेतली आहे, इतकाच फरक. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी, म्हणजे 'कोर्ट' व्हेनिसला जाण्यापूर्वी काही महिने, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ मरणे थांबलेली नाहीत.

आता पारितोषिकाविषयी. व्हेनिसचे नाव पुण्यास नवे नाही. १९३७ मध्ये याच महोत्सवात पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचा गौरव झाला होता. प्रभातचा स्टुडिओ जेथे होता, तेथे १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आणि पुण्याच्या स्वतःच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात मराठी चित्रपटासाठी दिले जाणारे पारितोषिक आजही संत तुकारामांच्या नावाचे असते. 'संत तुकाराम'ही, नीट पाहिल्यास, एका गाणाऱ्यावरील खटल्याचीच कथा आहे. सालोमालो फिर्याद करतो, रामेश्वरशास्त्री शूद्राच्या वाणीविरुद्ध निर्णय देतात, वह्या इंद्रायणीत बुडविल्या जातात. सत्याहत्तर वर्षांच्या अंतराने व्हेनिसने पुन्हा एका मराठी गायकाच्या खटल्यास मान दिला, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. भेद असा की, दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटात वह्या नदीतून परत येतात. 'कोर्ट'मध्ये कोणी काही परत आणून देत नाही. बुद्धिवादी प्रेक्षकास दुसरा चित्रपट अधिक जवळचा वाटावा, हे स्वाभाविक आहे.

मात्र पारितोषिकाने हुरळून जाण्याचे कारण नाही. १९३७ मध्ये व्हेनिसचा सर्वोच्च करंडक मुसोलिनीच्या नावाचा होता, एवढे स्मरणात ठेवले तरी पुरे. आपल्या समाजात अशा पुरस्कारांविषयी दोन प्रतिक्रिया उमटताना आम्ही पाहतो. एक, 'आपला' शाहीर जगाच्या पडद्यावर गेला म्हणून निखळ अभिमान. दुसरी, परदेशी परीक्षकांना आपले दुःख पाहावयास आवडते म्हणून निखळ संशय. दोन्ही प्रतिक्रिया चित्रपट न पाहता देता येतात, हा त्यांचा समान दोष आहे.

चित्रपट पाहिल्यावर जो आक्षेप उरतो तो वेगळा आणि अधिक गंभीर आहे. कॅमेरा व्होराच्या मागे सुपर मार्केटमध्ये आणि त्याच्या घरी जातो. नूतन मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, परप्रांतीयांची टवाळी करणारे नाटक पाहावयास जाते, तेथेही तो जातो. शेवटी न्यायाधीश सहलीस गेले असता एका न बोलणाऱ्या मुलाच्या वडिलांस अंकशास्त्री आणि बोटातील खडा यांची शिफारस करतात, तेथेही तो हजर असतो. पण खटला सुरू झाल्यावर नारायण कांबळेच्या घरी तो जात नाही. वासुदेव पवारच्या खोलीत तर नाहीच नाही. तीन सुशिक्षित पात्रांना खासगी आयुष्य आहे; शाहिरास फक्त सार्वजनिक आयुष्य आहे. दिग्दर्शकास न्यायव्यवस्थेची उदासीनता दाखवावयाची होती, ती या तिघांच्या घरांतून दिसते, हे खरे. तरीही हा तोल आम्हांस खटकतो, आणि सुवर्णकमळानेही तो दोष झाकला जात नाही.

हा दोष ज्याने आपल्या परीने भरून काढला तो वीरा साथीदार. नागपूरचे हे आंबेडकरी कार्यकर्ते व 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक. व्यवसायाने नट नव्हेत. संभाजी भगत यांची गीते त्यांच्या तोंडी आहेत. मंचावर त्यांचा आवाज पट्टीच्या गवयाचा नाही, पण सवयीचा आहे: वर्षानुवर्षे सभांतून बोललेल्या माणसाचा. आरोपीच्या पिंजऱ्यातील त्यांचे मौन हे हरलेल्याचे मौन नव्हे; हे सारे पूर्वी पाहिलेल्याचे आहे. १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाने त्यांचे निधन झाले. शाहिराचा तुरुंग ही त्यांना आणि आपणांस कल्पित गोष्ट नव्हती. पुण्याच्या कबीर कला मंचाचे शीतल साठे व सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले होते, आणि त्याआधी, जुलै १९९७ मध्ये, रमाबाई नगरातील गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले होते. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' तेथूनच सुरू होतो. घोगरे यांना मरणास कोणी प्रवृत्त केले, हा प्रश्न कलम ३०६ च्या भाषेत कोणी मांडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि तरीही, आमच्या मते, 'कोर्ट'चे मर्म शाहिरापाशी नाही. ते शर्मिला पवारच्या साक्षीत आहे. उषा बाणे यांनी ही भूमिका केली आहे. वासुदेवची ही विधवा पिंजऱ्यात उभी राहून सपाट आवाजात विचारलेल्याची उत्तरे देते. दुर्गंधी सोसवत नसे म्हणून तो दारू पिऊन उतरत असे. वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत प्राणवायू आहे की नाही, हे पाहण्यासाठी तो मॅनहोलमध्ये खडा टाकी. झुरळे बाहेर आली तर उतरे. आत्महत्येची गोष्ट त्याने कधी काढली नव्हती. एवढेच. या साक्षीत एकही विशेषण नाही. जीवनाचा आदीनव इतक्या निर्विकारपणे सांगितलेला आम्ही अन्यत्र पडद्यावर पाहिला नाही, आणि मरणाची स्तुती तर त्यात नावालाही नाही. खडा टाकून झुरळांची वाट पाहणारा माणूस मरावयास निघालेला नसतो. त्यास संध्याकाळी घरी यावयाचे असते. संपूर्ण खटल्यात वासुदेवची चेतना सिद्ध करणारा पुरावा असेल तर तो हा. न्यायाधीश तोही इंग्रजीत उतरवून घेतात.

साक्षीनंतर व्होरा तिला आपल्या मोटारीतून घरी सोडतो. तो मनाने चांगला माणूस आहे. तो तिला पैसे देऊ करतो. ती ते घेत नाही. काही काम असेल तर सांगा, एवढेच म्हणते. व्होरापाशी त्यावर उत्तर नसते, आणि मोटार पुढे जाते.